भोकरच्या बाईंची नजर

ओल्या दोराचा वास आला की तो उन्हाळा आठवतो. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि मी कोकणात शिडाची बोट चालवायला शिकत होतो. शिकवणाऱ्या बाई भोकरच्या. ऑटोपायलट लावल्यावर बोट आपोआप सरळ चालली, तसे मी पाय पसरले. बाई मात्र सारख्या उठून चौफेर बघत. मी म्हणालो, “बसा की मॅडम, यंत्र हाय ना!” “यंत्र दिशा धरतंय. म्होरं कोण हाय ते त्याला दिसत न्हाई,” म्हणत त्या शिडाखालून पुढचं बघायला वाकल्या. समोरच छोटी होडी, आत जाळं ओढण्यात गुंतलेले दोन कोळी. बाईंनी झटक्यात यंत्र बंद करून सुकाणू वळवलं. होडी बाजूनं सुखरूप मागे गेली. बाई शांतपणे म्हणाल्या, “आता तू बघ.” आज मीही शिकवतो, पण तेवढी जागी नजर मला अजून साधलेली नाही.