शाकाहारीच मासा पाहिजे

चार माणसं रोज एका ठिकाणी चहा प्यायला लागली की किस्से आपोआप साचतात, त्यांना खतपाणी लागत नाही. जळगाव जामोदच्या आमच्या टोळीत गेल्या हिवाळ्यात इतके साचले, की ज्या हौदापायी ते घडले त्या हौदात तेवढं शेवाळही साचलं नसेल.

हौद भास्कर सरांचा. सर विज्ञानाचे मास्तर, नुकतेच रिटायर झालेले. म्हणजे शिकवायची खाज शिल्लक आणि समोर विद्यार्थी नाहीत! त्यांनी यूट्यूबवर ॲक्वापोनिक्स बघितलं आणि मागच्या अंगणात हौद बांधला. बेत असा, की पाण्यात मासे, पाण्यावर थर्माकोलच्या पाट्या, पाट्यांना भोकं पाडून त्यात पालक. माशांच्या घाणीवर पालक पोसायचा आणि पालकानं पाणी साफ ठेवायचं.

अडचण एकच होती. त्याच अंगणात दर उन्हाळ्यात सरांच्या बायकोच्या, शालिनीवहिनींच्या, कुरडया वाळायच्या. वहिनींनी मुदत दिली. होळीच्या आत आपल्या सगळ्यांच्या एका जेवणाचा पालक निघाला तर हौद राहील, नाहीतर बुजवून वर फरशी बसेल. सरांची अब्रू त्या पालकावर टांगलेली होती आणि हौदात कोणता प्राणी सोडायचा हे ठरवणारी कमिटी आम्ही होतो.

*

पहिल्या मीटिंगला सरांनी आम्हाला नायट्रोजन समजावून सांगितला. शेतकरी गुलाबरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे घाणच पाह्यजे ना? मंग बदकं सोडा ना सर. बदक पोहते बी अन् हागते बी."

यात शास्त्रीय चूक कुणालाच सापडेना. बदकं आली. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी रोपं खाल्ली आणि मग थर्माकोलही टोचून बघितला. गुलाबराव आजही म्हणतात की बदकं चांगली होती, थर्माकोलच हलका निघाला.

*

मग मासे ठरले. पण आमच्यातले चौथे वसंत गुरुजी, गावात पूजा सांगणारे. किडे खाणाऱ्या माशाच्या घाणीवर वाढलेला पालक आपल्या पोटात जाणार, हे त्यांना पटेना.

"मासा ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण शाकाहारीच पाहिजे," ते म्हणाले.

सरांनी शोधून शोधून गवत्या मासा आणला. निव्वळ गवतावर जगणारा, अगदी सात्त्विक. गुरुजींनी त्याला हात जोडले. मी हायस्कुलातला क्लार्क, मला विज्ञानातलं काय कळतं, म्हणून मीही मान डोलावली.

आठवड्यात नवा पालक माना टाकायला लागला. सरांनी थर्माकोल उचलून बघितला तर खाली एकही मूळ शिल्लक नाही. शाकाहारी मासा शाकाहार करत होता! चौघांपैकी एकालाही हे आधी सुचलं नव्हतं, आणि त्यातला एक विज्ञान शिकवून रिटायर झालेला.

*

यावर उपाय म्हणून गुरुजींनी यजमानाच्या विहिरीतलं कासव आणून दिलं. कासव शुभ असतं. ते हौदात सुखानं राहिलं, पण वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं की कासव पाळणं गुन्हा आहे.

कासवाला सातपुड्याच्या पायथ्याच्या ओढ्यात सोडायला सर आणि मी एसटीनं निघालो. मांडीवर झाकणाचा डबा. डब्यात खडखड झाली तशी कंडक्टरनं विचारलं, काय आहे. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेले सर म्हणाले, "प्रसाद."

कंडक्टरनं डब्याला नमस्कार केला.

*

शेवटी सरांनी कुणालाही न विचारता देशी मागूर मासे आणले. किडे खाणारे, चिवट, पालकाकडे ढुंकून न बघणारे. गुरुजींनी या घरचा चहा सोडला. म्हणजे घरात बसून सोडला, अंगणात उभं राहून पीत होते. पालकाला मात्र पहिल्यांदा धड मुळं फुटली. पण होळी तोंडावर आली तरी पानं काही अंगठ्यापेक्षा मोठी होईनात. सर रोज सकाळी हौदाजवळ नुसते बसून असायचे. वाईट वाटायचं बघून.

आणि होळीच्या आदल्या रविवारी सरांनी आम्हाला जेवायला बोलावलं. पहाटेच काढणी केली, म्हणाले. ताटात पालकाची डाळभाजी आणि वर पालकाची भजी. अंगठ्याएवढी पानं एका रात्रीत एवढी कशी वाढली, हे आम्हा तज्ज्ञांपैकी कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. गुलाबराव म्हणाले, बाजारातल्या पालकाले ही चव येतच नाही. गुरुजींनी मागूर माफ करून तिसऱ्यांदा भाजी घेतली. सर विजयानं फुलून माशांच्या घाणीतला नायट्रोजन पुन्हा समजावून सांगायला लागले.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. हातातले चार रबरबँड त्यांनी सरांच्या ताटाशेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "तुमचे मासे पालकाच्या जुड्याबी बांधून देतात, हे नाई सांगितलं तुम्ही मले."