पावणेतीनचं जेवण

अक्काताई माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्ती म्हणते. आम्ही जैन. गेली सेहेचाळीस वर्षं सूर्य मावळल्यावर त्या पाणीदेखील पीत नाहीत. एकदा गडहिंग्लजची एसटी वाटेत बंद पडली. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून उभा, लोक ओरडतायत, आणि आत्ती मावळतीकडं बघत डबा संपवतायत.

माझा नवरा सम्मेद शिरोलीला फाउंड्रीत इंजिनिअर. त्याचा मित्र स्कॉटलंडला जाऊन आला आणि तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो असं सांगत सुटला. त्यावर सम्मेदनं आईला तयार केलं. "अव्वा, तिथं आरामात नऊला जेव की." मित्र जूनमध्ये गेला होता. आम्हाला रजा मिळाली डिसेंबरात.

तिथं समुद्रकाठी होड्या ठेवायचं जुनं दगडी घर होतं. सत्तरीच्या एका बाईंनी ते नीट करून चार खोल्यांचं गेस्टहाऊस केलंय. आम्ही पोचलो, बॅगा ठेवल्या, आणि साडेतीनलाच सूर्य बुडाला. तिथलं जेवण सातला. आत्ती जपमाळ घेऊन खिडकीत बसल्या. दुसऱ्या दिवशी फिरून परतायला चार वाजले, पुन्हा तेच.

सम्मेद वैतागला. "आठ दिवस चालवून घे की अव्वा. हितं कोण बघतंय?"

"मी हाय की बघायला," आत्ती म्हणाल्या.

खरं सांगते, मलाही त्यांचा राग आला होता. एवढा खर्च करून आलो आणि या उपाशी. पण त्या वाक्यानंतर मी सम्मेदची बाजू सोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंनी मला विचारलं, "माझ्या हातचं तुझ्या सासूबाईंना आवडत नाही का?" मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बाईंनी भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून आणलं. त्यात रोजचा सूर्यास्त मिनिटासकट छापलेला. "माझे वडील मासेमार. आमच्या घरी घड्याळ बघून नाही, हा कागद बघून जेवायचे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी अर्धा ओटा रिकामा करून दिला.

आत्तींनी सोबत आणलेल्या मुगाची आमटी केली, भात टाकला, आणि पावणेतीनला ताटं वाढली. मालकीणबाई शेजारी बसून जेवल्या. सम्मेदही मुकाट येऊन बसला. कोल्हापुरात रात्री अकराला जेवणारा माणूस, पण दोनदा भात घेतला त्यानं. आत्तींकडं बघून माझी मान ताठ झाली. आपल्या माणसाचा असा अभिमान मला फार वेळा वाटलेला नाही.

संध्याकाळी जेवणाच्या वेळांच्या फळ्यावर खडूनं एक नवी ओळ दिसली. आत्तींना इंग्रजी आकडे तेवढे कळतात, अक्षरं नाहीत.

"काय लिवलंय गं?"

"तुमचं नाव हाय आत्ती. अक्काताई, पावणेतीन."

आत्तींनी कोष्टकात बोटानं उद्याची ओळ शोधली. पदर सारखा केला.

"उद्या एक मिनिट आधी मावळतोय," त्या म्हणाल्या. "तिला सांग."