विमानातला रुमालाखालचा सौदा

किन्हीराजा या माझ्या गावाहून निघालो तेव्हा माझ्याकडे एक बैल होता. बाकी सगळं रिसोडच्या बैलबाजारात दलाली करून, जिभेच्या जोरावर कमावलं. पण आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. किती धरली ते बाजूच्याला कळत नाही. पटलं तर पंजा दाबायचा, मग माघार नाही. माझी मुलगी लहानपणी माझ्याबरोबर बाजारात यायची. ही बोटं ती पाढ्यांच्या आधी शिकली.

म्हणूनच माझा तिच्यावर राग होता. चार वर्षांपूर्वी भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "मले जर्मनीत नोकरी लागली. म्या हो म्हणून कळवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी "जाय" म्हणालो. आम्ही बैलाचा भावसुद्धा झाकून ठरवतो, आणि हिनं एवढी मोठी गोष्ट उघड्यावर मांडली. बापाला आधी बाजूला घेऊन विचारलं नाही. तिला सोडायला मी गेलो नाही. फोन आला की "बरी हाय ना?" एवढंच विचारून तिच्या आईच्या हातात द्यायचो.

मागच्या वर्षी तिची आई एकटीच जर्मनीला जाऊन आली. या वर्षी तिनं मला पिटाळलं. "तुमचा राग तिकडंच टाकून या. घरात आता त्याले जागा नाही." आठ दिवसांच्या वर एक दिवस राहणार नाही, या अटीवर मी गेलो.

सहाव्या दिवशी मुलगी मला जुन्या विमानांच्या संग्रहालयात घेऊन गेली. खिडकीवर तिकिटाचा भाव लिहिलेला होता. लिहिलेला भाव म्हणजे घासाघिशीची सुरुवात, असं मी समजतो. आत बसलेल्या बाईला मी मराठीत सुनावलं, दोन बोटं दाखवली, आवाज चढवला. मागे रांग लागली.

"बाबा, हा बैलबाजार नोहे!" मुलगी लाजेनं लाल झाली.

"मंग म्हाताऱ्याले काही सूट हाय का नाही, विचार तिले!"

सूट होती. मी न ओरडता विचारलं असतं तरी मिळाली असती.

आत जम्बो विमान लोखंडी खांबांवर उंच चढवून ठेवलेलं होतं. खाली उभा राहून मी ते जनावर पारखावं तसं पारखलं. चाकं मोजली, अठरा भरली. जिन्यानं वर गेलो. एका भागातलं अस्तर काढून टाकलेलं होतं, त्यामुळे आतल्या वाकलेल्या फासळ्या उघड्या दिसत होत्या.

"आता उडत नाही?" मी विचारलं.

"नाही."

"मंग कायले ठेवलं?"

"किती लोकाले नेलं-आणलं त्यानं, बाबा. काम सरलं म्हणून मोडून टाकायचं का?"

ज्या बैलावर धंदा उभा केला, तो थकल्यावर मी त्याच आठवड्यात विकला होता. त्याचं वाईट मला त्या फासळ्यांखाली उभा असताना पहिल्यांदा वाटलं.

पुढे काही खुर्च्या बसण्यासाठी ठेवलेल्या होत्या. आम्ही खिडकीजवळ बसलो. तिनं एकदम विचारलं, "साक्षगंधाचा राग अजून हाय ना?"

"हाय. आधी मले काहून नाही विचारलं?"

"एकट्याले विचारलं असतं तर तुमी नाही म्हटलं असतं. मंग मी गेली नसती. पाहुण्यांसमोर तुमी नाही म्हणत नाही, हे मले ठाऊक होतं."

चार वर्षं मी स्वतःला फसवलेला बाप समजत होतो. खरं तर माझ्याच पोरीनं माझी नस ओळखून मला सौद्यात हरवलं होतं. राग आला, पण त्यात थोडा गर्वही होता. हे मी तिथं बोललो नाही.

तिनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, आमच्या हातांवर टाकला आणि हळूच म्हणाली, "आज झाकून विचारतो. अजून किती आठवडे राह्यता?" रुमालाखाली तिनं माझी दोन बोटं धरली. आणि माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला खरंच वाटत होतं की मी नाही म्हणेन.

सवयीनं मी तिचं एकच बोट धरलं. तिनं पुन्हा दोन धरली. पलीकडे एक म्हातारं गोरं जोडपं आमच्या रुमालाकडे टक लावून पाहत होतं. मग मी तिची तीन बोटं धरली.

"बाबा, तुमी चुकले."

"चुकलो नाही. पंजा दाब लवकर, नाहीतर मी फिरन."

तिनं इतक्या जोरात दाबला की माझी अंगठी रुतली.

त्या जम्बोचे, ते जपून ठेवणाऱ्यांचे आणि तिकीटखिडकीतल्या त्या सोशिक बाईचे माझ्यावर उपकार आहेत. घरी बसून मी तो सौदा कधी केला नसता.

संध्याकाळी तिच्या आईला फोन केला. "अजून तीन आठवडे येत नाही. तिनं दोन मागितले, म्या तीन देले."

काळजीनं ती म्हणाली, "तब्येत बरी हाय ना तुमची?"