सगळ्यांची जाळी

१९९४ साल, मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. तंजावरच्या आमच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे ओटा होता. तमिळ शेजारी त्याला तिण्णै म्हणतात. वाटसरूंनी टेकावं म्हणून वाडवडिलांनी तो बांधला. तेवढी अक्कल त्यांना शाळेत न जाता आली होती.

त्या वर्षी कोपऱ्यावरच्या मुलाने दुबईहून रंगीत टीव्ही आणला आणि टीव्हीच्या रक्षणासाठी ओट्याला लोखंडी जाळी ठोकली. मग गल्लीला एकदम चोर दिसू लागले. ज्यांच्या घरून चोराने फार तर पितळी लोटा नेला असता, त्यांनीही जाळी लावली. कुणालाही विचारा, उत्तर एकच. "आमचं काही म्हणणं नव्हतं हो, पण सगळेच लावतात."

तिरुवैयारुहून एक फुलवाली म्हातारी रोज यायची. गुडघे गेलेले. ओट्यावर बसून मोगरा गुंफायची, मग दारोदार विकायची. एकेक ओटा बंद होत गेला, तशी ती सरकत माझ्या ओट्यावर आली. गल्लीचं मन मोठं, जो तो जाळीआडून तिला माझंच घर दाखवी.

बायको म्हणाली, "अहो, सगळ्यांनी लावली. आपलंच घर वाटसरूंची धर्मशाळा, फुकटचं छत्रम आहे काय?"

हे 'सगळे' आमच्या घरात माझ्यापेक्षा मोठे. एका दुपारी वेल्डरला बोलावलं.

तो एकटाच आला. मापाची फीत धरायला दुसरं कुणी नव्हतं. म्हातारीने टोपली बाजूला सारली, उठली आणि फितीचं दुसरं टोक भिंतीला दाबून धरलं.

"अरे, तुझं टोक खाली जातंय," ती वेल्डरला म्हणाली. "अय्यांची जाळी वाकडी बसेल."

"आणि तू उद्यापासून कुठे बसणार, आजी?" त्याने विचारलं.

"गल्लीत हाच शेवटचा ओटा. आता बसस्टँड. तिथे बसायला जागा नाही, पण लोक उभे राहतात, मीही राहीन."

रात्री पोटभर जेवलो. असल्या गोष्टींवरून उपास करणारा मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी वेल्डरकडे जाऊन जाळी नको म्हणून सांगितलं. मग समोरच्या घरापुढे उभा राहिलो. शेजारी जाळीआड दात घासत होता.

"ऐकलंत? कोपऱ्यावरचे जाळी काढतायत. मद्रासला आता कुणी ठेवत नाही म्हणे."

त्याचा हात थांबला. "कोण म्हणतं, अण्णा?"

"सगळेच म्हणतात," मी म्हणालो आणि पुढच्या जाळीकडे निघालो.