विमानाच्या पंखाचं टेबल

वडगावच्या आमच्या घरात खाली विणकामाचे माग चालतात आणि वरच्या खोलीत मी. मागांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो, माझा जिन्यापर्यंतही पोचत नाही. त्यामुळं पुण्याच्या कंपनीची नोकरी घरातून करायला लागलो आणि घरच्यांच्या लेखी मी रिकामटेकडा ठरलो. "घरातच हाईस न्हवं, तेवढं दळण आण जा," असं आईनं म्हणायचं आणि मी पुण्याच्या साहेबांना काहीतरी थाप मारून डबा उचलायचा. वडील तर सरळ विचारायचे, "बसून कसलं काम असतंय रं?" ते मला फार लागायचं. चाळिशीला टेकलेल्या माणसाला बापाच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, की पोरगं कामात आहे.

मग मी अक्कल पाजळली. काम दिसत नसेल तर निदान ऑफिस तरी दिसावं. मोबाईलवर परदेशी लोकांनी विमानाच्या भागांची केलेली टेबलं बघितली होती. उद्यमबागेतल्या एका भंगारवाल्याकडं मोडीत काढलेल्या छोट्या विमानाचा शेपटाकडचा पंख आलाय असं कळलं आणि मी टेम्पो करून तो घरी आणला. गल्ली गोळा झाली. शेजारच्या आक्कांनी विचारलं, "गच्चीवर पत्रा घालतोस व्हय?"

मी तो पॉलिश पेपरनं घासघासून चकचकीत केला, खाली लोखंडी पाय जोडले आणि मोठ्या ऐटीत त्यावर चहाचा कप ठेवला. कप सावकाश घसरत माझ्या मांडीवर आला. पंखाची पाठ फुगीर असते, हे मी इंजिनियरिंगला शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. झक मारत वर काच बसवली. तर खाली माग सुरू झाले की तो पोकळ पंख थरथरून गुणगुणायला लागायचा आणि मिटिंगमध्ये साहेब विचारायचे, "विमानतळावर आहात का?"

वडील एकदा वर आले. पंखावर टिचकी मारून म्हणाले, "उडतंय काय?"

"न्हाय, अण्णा."

"मग खाली ये. सिलिंडर आलाय."

खंडेनवमीला माग बंद असतात. हत्यारांची पूजा होते आणि पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. पुण्याच्या ऑफिसला मात्र सुट्टी नव्हती. मी वर मिटिंगमध्ये होतो आणि खाली वडील मागांना हळदकुंकू वाहत होते. मग शिलाई मशीन झालं, स्कूटर झाली, विळी आणि अडकित्ताही झाला. माझं सगळं लक्ष जिन्याकडं. आपल्याकडं कोण येतंय, असं मनाला बजावतही होतो.

वडील ताट घेऊन वर आले. त्यांनी पंखाला कुंकवाची बोटं ओढली, लॅपटॉपच्या कडेला झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. चेहरा लपवायला मी घाईनं कीबोर्डकडं वळलो.

"हात काढ," वडील म्हणाले. "पूजा झाली न्हवं? आज काम बंद."

मी साहेबांकडं सुट्टी मागितली. त्यांनी कारण विचारलं. वडील ताट घेऊन तिथंच उभे होते.

"आज आमचे माग बंद असतात, साहेब," मी म्हणालो. "सगळे."