उतारावरच्या गप्पा

माझे सासरे मूळचे कोपर गावचे, पिढीजात शेतकरी. खाडीलगतच्या त्यांच्या शेतांवर आता इमारती आहेत, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. ते फौजेत होते हे मला माहीत होतं. त्यांना शौर्यपदक मिळालंय हे मात्र लग्नानंतर तीन महिन्यांनी, कपाट आवरताना कळलं. विचारलं तर, एका जखमी जवानाला खाली आणलं होतं, एवढंच म्हणाले आणि भाजी आणायला निघून गेले.

मी ठाण्याला कॉलेजात शिकवते. गेल्या जानेवारीत आमच्या प्राचार्यांनी त्यांना मुलांशी बोलायला बोलावलं. दोन आठवडे ते नकोच म्हणत होते. शेवटी सासूबाईंनी परस्पर त्यांचा कोट इस्त्रीला दिला, तेव्हा तयार झाले.

सभागृहात ते अहवाल वाचावा तसे कोरडेपणाने बोलले. डोंगर चढताना वायरलेसवाल्या जवानाच्या मांडीत गोळी लागली, तो उघड्यावर पडला होता. सासरे सरपटत गेले, त्याला पाठीवर घेतलं आणि उतरले. वरून गोळीबार चालूच होता. पाच मिनिटांत भाषण संपलं.

मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, भीती वाटली नाही का?

सासरे एकदम घरच्या बोलीत म्हणाले, "वाटली ना. पाय लटपटत व्हते."

जखमी माणसाची शुद्ध जाऊ नये म्हणून त्याच्याशी सतत बोलत राहायचं होतं. पण सासऱ्यांना काही सुचेना. म्हणून आई खाडीतल्या निवट्यांचं कालवण कसं करायची ते सांगायला लागले. मासे राखेनं चोळण्यापासून सुरुवात केली. चिंचेपर्यंत पोचले तेव्हा पाठीवरचा तो राजस्थानी जवान कानाशी पुटपुटला, की मी शाकाहारी आहे, दुसरं काहीतरी सांग.

सगळं सभागृह हसलं. तेही हसले. "तवा पन असाच हसलो, आन् पाय सरळ पडाया लागलं. बाकीचा उतार वांग्याच्या भाजीवर काढला."

तो जवान वाचला. गावी शेती करतो, दर दिवाळीला फोन करतो.

परतताना रिक्षात ते सारखे बाहेरच बघत होते. मुलं हसली ते लागलं की काय, म्हणून मी भीतभीत विचारलं.

"नाय गं पोरी," ते म्हणाले. "लोकं आयकताना तोंडं गंभीर करतात. मंग मी सांगनंच सोडलं. आज बरं वाटलं."

घरी सासूबाई भाकऱ्या करत होत्या. सासऱ्यांनी स्वयंपाकघरात खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सासूबाईंचे हात पिठात तसेच राहिले. उरलेल्या भाकऱ्या मी थापल्या. वाकड्यातिकड्या झाल्या, पण त्या दिवशी कुणी नावं ठेवली नाहीत.