सहीआधी चहा

आबांच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं असायची. एक साधं बॉलपेन. ते कोणीही मागावं, कोणीही न्यावं आणि परत द्यायला विसरावं. दुसरं शाईचं, मरून रंगाचं, सोनेरी टोपणाचं. ते फक्त सहीसाठी. कॉलेजात असताना एकदा मी चुकून त्याला हात लावला, तर आबा म्हणाले, "ते नाही बेटा. त्यानं किराणा लिहीत नाहीत."

आबा एस.टी.त कंट्रोलर होते. जळगाव स्टँडवर आयुष्य घालवून निवृत्त झाले आणि पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. कॉलनी नवी होती. कोणी दालमिलमधला, कोणी पाइपच्या कारखान्यातला, कोणी मास्तर. कोणी अमळनेरहून आलेलं, कोणी यावलकडच्या खेड्यातून. कोणाचं कोणाला काही ठाऊक नव्हतं. आणि त्या काळी खातं उघडायचं तर ओळख लागायची, म्हणजे आधीपासून खातं असलेल्या माणसाची फॉर्मवर सही. कॉलनीच्या तोंडाशी एक पतसंस्था निघाली. तिला सगळे बँकच म्हणायचे. तिच्यात आमच्या भागातलं पहिलं खातं आबांचं. त्यामुळे पुढच्या साऱ्यांना ओळख आबांची, आणि आबांना नाव पडलं सहीवाले आबा.

पण मागितली आणि मिळाली, अशी ती सही नव्हती. "माझ्या सहीला चहा लागतो," आबा म्हणायचे, आणि तो चहा स्वतःच्या घरी नाही, मागणाऱ्याच्या घरी. संध्याकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते यायचे. गाव कुठलं, भाऊ किती, आईवडील कोणाकडे असतात, शेजाऱ्याशी बोलणं आहे का, सगळं विचारायचे. घरातल्या बाईलाही विचारायचे, आणि तिचं उत्तर जास्त लक्ष देऊन ऐकायचे. बशीतला शेवटचा घोट संपला की मगच मरून पेन बाहेर यायचं. "माणूस पाहिल्याशिवाय सही नाही," हे वाक्य ते इतक्यांदा बोलले होते की कॉलनीतली पोरं त्यांच्या मागे त्याची नक्कल करायची.

नकारही ते तसाच द्यायचे. एका ट्रकच्या दलालानं त्यांना सोफ्यावर बसवून काजू पुढे केले, तरी आबा सही न करता उठले. का, तर त्या माणसाला शेजाऱ्याचं आडनाव सांगता आलं नाही. स्वतःच्या जावयालाही त्यांनी एकदा थांबवून ठेवलं होतं. जावई धुळ्याचा. काही कामासाठी त्याला इथं खातं हवं होतं. आबा म्हणाले, "जावई आहेत, मान्य. पण मी त्यांच्या घरी राहिलोय कुठं?" लेक आठ दिवस रुसली होती.

आता हे सगळं मी कौतुकानं सांगतेय, पण त्यात मोठेपणाची हौस होती, हेही खरं. वर्तमानपत्राच्या कडेला ते सहीचा सराव करायचे. रस्त्यात कोणी "आबा, तुमच्यामुळे झालं" म्हटलं की दिवसभर खुशीत असायचे. त्या पतसंस्थेचा मॅनेजर त्यांना पाहून खुर्चीवरून उठायचा, आणि आबांना वाटायचं, तो आपल्याला मान देतोय. तो गिऱ्हाइकं आणून देणाऱ्याला मान देत होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं आणि आबांना बहुधा कधीच नाही.

चूक मात्र आमच्या साऱ्या कॉलनीची होती, आणि मी ती आजही विसरायला तयार नाही. आबा सही करायचे ती आमच्यासाठी. हा माणूस चांगला आहे, याला आत घ्या, असं ते संस्थेला सांगायचे. आम्ही त्याचा उलटा अर्थ घेतला. आबांची सही आहे म्हणजे संस्था चांगली आहे, पैसे ठेवा. असं आबा कोणाला कधीच म्हणाले नव्हते. कोणी विचारलंही नव्हतं. सगळ्यांना व्याज थोडं जास्त मिळत होतं आणि तेवढं पुरे होतं.

आबांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. माणूस मोजकं बोलणारं, आणि बोलली की अहिराणीत. तिची एकच इच्छा होती, धुळ्याला लेकीच्या जवळ स्वतःचं छोटं घर. एका वर्षी तसा प्लॉट मिळाला. आबा खातं बंद करायला गेले. मॅनेजरनं चहा मागवला, चेअरमनला बोलावून घेतलं. चेअरमन हात जोडून म्हणाला, "आबा, पैसे तुमचेच आहेत, घेऊन जा. फक्त बाहेर बोलू नका. तुमचं खातं बंद झालं म्हटलं की लोक उगाच घाबरतील." आबांना ते पटलं. संस्थेचं नाव खराब होऊ नये म्हणून ते गप्प राहिले आणि धुळ्याला जाऊन प्लॉटवाल्याला रक्कम देऊन आले.

दिवाळी झाली आणि संस्थेत पैसे मिळेनासे झाले. आधी सांगितलं, रोकड संध्याकाळी येते. मग सांगितलं, चेअरमन मुंबईला गेलेत. लोक म्हणाले, मग खातंच बंद करा. तर मॅनेजरनं नवाच नियम काढला. खातं बंद करायच्या अर्जावर ओळख देणाऱ्याचीही सही पाहिजे. असा नियम कुठंही नव्हता. लोकांना चार दिवस दुसरीकडे पिटाळायचं, एवढाच त्याचा उपयोग. मग रोज सकाळी आबांच्या ओट्यावर रांग लागायला लागली. आबा बिचारे एकेकाला सही देत होते. चहाचं नाव कोणी काढत नव्हतं, आबाही नाही.

सह्या घेऊन लोक परत गेले, तरी पैसे नाहीत. खोट्या नावांनी कर्जं उचलली गेलीत, चेअरमनच्या मेव्हण्याचा पेट्रोल पंप त्यातूनच उभा राहिला, अशी कुजबुज सुरू झाली. एक दिवस काउंटरवर फार आरडाओरडा झाला, तेव्हा मॅनेजर शांतपणे म्हणाला, "माझ्यावर कशाला ओरडता? तुमच्या आबांना विचारा. त्यांनी आपले कधीच काढून घेतले."

बस्स. चेअरमन राहिला बाजूला, पेट्रोल पंप राहिला बाजूला. सगळी कॉलनी आबांवर उलटली. "यांना आतून कळलं होतं," "आपले काढले आणि आपल्याला कोंडलं," "एकेका सहीचं कमिशन मिळत असणार." ज्यांच्या घरी आबांनी बशीतून चहा प्यायला होता, तीच माणसं हे बोलत होती. नळावर बायका अक्काशी बोलेनात. माझे वडील दालमिलमध्ये दिवाणजी होते. भित्रा माणूस, आबांसमोर एक शब्द काढला नाही, पण आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. "गप्प का बसला मग तो? चोर नसता तर बोलला असता!" आणि आबा गप्प बसले होते हे खरंच होतं.

आबांनी मग जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. ते एस.टी.नं धुळ्याला गेले, प्लॉटवाल्याच्या हातापाया पडून पैसे परत घेतले. त्यानं काही कापून घेतले, तेवढे आबांनी घरखर्चातले घालून भरले. परत आले त्या दिवशी मी अक्काजवळ मेथी निवडत बसले होते. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आपला पैसा शे ना तो? मंग लोकेसले काय करनं शे?"

आबा म्हणाले, "पैसा आपला आहे, आणि तोंडही आपलंच आहे. ते घेऊन धुळ्याला कसा जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी मला बरोबर नेलं. पोरगी शिकलेली आहे, चार शब्द नीट बोलेल म्हणून. संस्थेत पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात आबा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन्ही पेनं, हातात कापडी पिशवी. गर्दीनं त्यांना वाट दिली, पण नमस्कार कोणी केला नाही. काउंटरवर पिशवी ठेवून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काढले होते तेवढे सगळे परत आणलेत. खातं उघडायचंय."

मॅनेजरला आधी ती थट्टा वाटली. पिशवीत पाहिल्यावर त्याचा चेहरा बदलला. पण काही माणसं किती निर्लज्ज असतात! त्यानं कोरा फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाला, "आबा, जुनं खातं बंद झालं. हे नवीन. ओळख लागेल."

आबा मागे वळले. त्या खोलीत उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फॉर्मवर त्यांची सही होती. त्यांनी मरून पेन काढून पुढे धरलं. कोणीतरी घ्यावं आणि सही करावी म्हणून. ते पेन त्यांनी कधी कोणाच्या हातात दिलं नव्हतं. कोणी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, कोणी पायांकडे. माझ्या वडिलांनी खिशातून पासबुक काढून उगाच चाळायला सुरुवात केली. माझ्या नावावर कुठलंच खातं नव्हतं, माझी सही चालली नसती. तरी तो क्षण आठवला की आजही संताप होतो. एक हात पुढे आला नाही. शेवटी मॅनेजरच म्हणाला, "राहू द्या, मीच करतो," आणि ज्यानं लुटायला हातभार लावला त्यानंच आबांची ओळख दिली.

पैसे आत गेले. काउंटरवर पहिला नंबर माझ्या वडिलांचा होता. गर्दीपुढे काहीतरी करून दाखवायचं म्हणून मॅनेजरनं तिथल्या तिथं आमचं खातं बंद केलं आणि आबांच्याच पिशवीतल्या नोटा आम्हाला मोजून दिल्या. आबा शेजारी उभे होते. त्यांनी पाहिलं. वडिलांनी नोटा धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि मान खाली घालून बाहेर पडले. मला वाटलं, लाज वाटली असेल. घरी येऊन त्यांनी नोटा पुन्हा मोजल्या, कपाटात ठेवल्या आणि आईला म्हणाले, "एवढे उचलून परत टाकले, म्हणजे घरात किती असतील बघ!"

दोन दिवसांत हे वाक्य कॉलनीभर झालं. त्याच आठवड्यात संस्थेचं शटर खाली आलं. पुढे सरकारी माणूस नेमला गेला, अर्ज भरून घेतले गेले, आणि जे व्हायचं ते झालं, म्हणजे काहीच झालं नाही. आबांचा प्लॉट गेला, पैसे गेले. ज्यासाठी हे केलं ते नावही परत मिळालं नाही.

ते धुळ्याला लेकीकडे राहायला गेले तेव्हा टेम्पोजवळ मी आणि आई, एवढ्याच होतो. वडील मिलमध्ये काम आहे म्हणून लवकर गेले होते. अक्का माझा हात धरून म्हणाली, "बठ्ठं दी टाकं यास्नी. आते आंडेरना घर राहनं." बठ्ठं म्हणजे सगळं, आंडेर म्हणजे लेक. लेकीच्या घरी राहणं तिला किती जड जात होतं, हे तिच्या आवाजात होतं.

काही वर्षांनी लग्न होऊन मी धुळ्यालाच आले. घराजवळच्या बँकेत खातं उघडायचं होतं आणि ओळख हवी होती. मला आबांशिवाय दुसरं कोण आठवणार? त्यांच्या लेकीचं घर शोधून काढलं. अक्का तोवर गेली होती. आबा मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. मी फॉर्मचं बोलले तसे ते सरळ बसले. म्हणाले, "आधी घर पाहू."

संध्याकाळी ते आले. शर्ट इस्त्रीचा नव्हता. माझ्या नवऱ्याला गाव विचारलं, भाऊ विचारले, शेजाऱ्याचं आडनाव विचारलं. मला स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "नीट वागतो ना?" चहा बशीत ओतून घेतला. मला वाटलं, सगळं पहिल्यासारखं झालं. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो सबंध वाचला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला परत दिला.

"इथं माझा खाते नंबर लागतो, बेटा. माझं इथं खातं नाही. एकच आहे, पिंप्राळ्याचं. ते बंद होत नाही."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत आबा? एवढं चालत आलात."

"घर पाहायचं होतं," ते म्हणाले. "चांगलं आहे घर."

दारात चपला घालताना त्यांनी विचारलं, "वडिलांचं खातं झालं होतं ना त्या दिवशी बंद?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं," आबा म्हणाले. "एकाचं तरी झालं."

ते खरंच समाधानानं म्हणाले. टोमणा असता तर मला सोसला असता. वडील त्या दिवशी घरी काय बोलले, ते मी त्यांना सांगू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या कारकुनानं तिथंच उभ्या असलेल्या एका दुकानदाराला हाक मारली. त्यानं काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन उचललं, माझ्या फॉर्मवर सही केली आणि आपली स्लिप घेऊन निघून गेला. माझं नाव वाचायलाही तो थांबला नाही.